दिवे झक्क लागतात, पण सेल्फ फिरत नाही: बिघाड शोधायचा कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेट्रोलवरची, हाताने गिअर टाकायची गाडी आहे. किल्ली फिरवली की कधी बॉनेटखालून एकच ‘खट्’ येतं आणि सगळं शांत, कधी ‘टिकटिकटिक’ असा आवाज येत राहतो, तर कधी पहिल्याच झटक्यात गाडी चालू. याच त्रासापायी बॅटरी नवी टाकली, तरी फरक नाही. हेडलाइट झक्क लागतात, हॉर्न जोरात वाजतो. आता मेकॅनिक म्हणतो, सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर) बदलू. तुम्ही विचारताय, बदलावा का?

माझं उत्तर: इतक्यात नको. सेल्फ खराब असेलही, पण या वर्णनावरून माझं लक्ष आधी बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या जाड केबली आणि इंजिनाच्या ‘अर्थ’कडे, म्हणजे करंट इंजिनापासून बॅटरीच्या मायनसला परत नेणाऱ्या जोडाकडे, जातं.  तुमच्या गाडीत तीन वेगवेगळ्या तऱ्हा दिसतात, म्हणजे बहुधा कुठला तरी जोड कधी धरतोय, कधी सोडतोय. बॅटरी बदलूनही त्रास तसाच राहिला, यावरूनही तेच दिसतं, कारण बॅटरी नवी आली तरी केबली, त्यांच्या टोकांचे चिमटे आणि अर्थची पट्टी जुनीच राहिली. अंदाजाने भाग बदलत जाण्याऐवजी अर्धा तास मोजण्यात घालवा. त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

आधी त्या झक्क दिव्यांबद्दल, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. ५५ वॉटचा हेडलाइटचा बल्ब साधारण साडेचार अँपिअर करंट घेतो, दोन्ही मिळून नऊ. छोट्या पेट्रोल इंजिनाचा सेल्फ फिरताना शंभर ते दोनशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून जास्त. आता एखाद्या जोडावर गंज चढून फक्त ०.०२ ओहम अडथळा तयार झालाय असं धरा. दिव्यांच्या ९ अँपिअरला तिथे ०.१८ व्होल्ट खर्च होतात, डोळ्याला काही कळतही नाही. सेल्फच्या १५० अँपिअरला त्याच जोडावर ३ व्होल्ट जातात, आणि तेवढे गेले की सेल्फ नीट फिरू शकत नाही. म्हणून ‘दिवे लागतात, म्हणजे करंट पुरेसा येतोय’ हे म्हणणं खरं नाही. तोच प्रकार केबलला मल्टिमीटर लावून ‘पीं’ ऐकण्याचा. जाड केबलच्या शंभर तारांपैकी एक तार शाबूत असली तरी मीटर ‘पीं’ करतो. ओहमवर मोजायला जाल तर मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा याच्यापेक्षा जास्त भरतो. सेल्फच्या मार्गातला दोष सेल्फ करंट ओढत असतानाच दिसतो. मोजायचं ते तेव्हाच.

मीटर हातात घेण्यापूर्वी मात्र कान लावा. आवाज बरंच सांगून जातो. किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज नाही, पण डॅशबोर्डचे दिवे नेहमीसारखे आहेत, तर बहुधा सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाही. रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच), क्लचचा स्विच, इग्निशन स्विच किंवा बारीक वायर तपासायची. ‘टिकटिकटिक’ म्हणजे सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा, सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढला जातोय, पण मोटरला करंट मिळताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज पुन्हा चढतं, पुन्हा ओढला जातो. हे बॅटरी उतरल्याने होतं, तसंच जोड खराब असल्यानेही. एकच दणकट ‘खट्’ आणि शांतता असेल तर सोलेनॉइड ओढला जाऊन तसाच राहिला, पण मोटर फिरली नाही: सोलेनॉइडमधले तांब्याचे संपर्क झिजलेत, कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला घासून करंट देणारे तुकडे) संपलेत, किंवा जाड केबलमधून करंट जात नाही. सेल्फ जड, रडत-रडत फिरला तर बॅटरी किंवा अडथळा. आणि सेल्फ व्यवस्थित फिरतोय, पण इंजिन पकडत नाही, ही पूर्ण वेगळी गोष्ट. तिच्याकडे नंतर येतो.

एक सोपी चाचणी मीटरशिवायही होते. अंधारात गाडी भिंतीसमोर उभी करा, हेडलाइट लावा आणि बिघाड येईपर्यंत किल्ली फिरवून बघा. ‘खट्’ झाल्याबरोबर प्रकाश जवळजवळ विझला, तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल संशयित. प्रकाश जराही न हलता तसाच राहिला, तर करंट मोटरमध्ये गेलाच नाही. दोष त्यापुढच्या केबल-अर्थमध्ये, सोलेनॉइडमध्ये किंवा मोटरमध्ये.

आता मोजमाप. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा, हातातलं कडं आणि अंगठी काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातू आडवा आला तर तो क्षणात लाल होतो, आणि अंगठी असेल तर बोट भाजतं.

पहिला आकडा बॅटरीचा. गाडी काही तास उभी असलेली बरी. नुकतीच चालवून आणली असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि थोडं थांबून मोजा, नाहीतर वरवरचा चार्ज खोटा मोठा आकडा दाखवतो. १२.६ किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. पण हा आकडा चांगला असणं पुरेसं नाही. आतून कमजोर झालेली बॅटरीसुद्धा उभ्या गाडीत साडेबारा दाखवते आणि लोड पडला की बसते. म्हणून मीटर तसाच लावून दुसऱ्या कुणाला किल्ली फिरवायला सांगा. सेल्फ फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. अगदी पहिल्या क्षणाची बुडी सोडून द्या, सेल्फ एकसारखा फिरतोय तेव्हाचा आकडा घ्या. गाडी मध्येच चालू होऊ नये म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून ठेवा.

नवी बॅटरी यात पास होईल असं मला वाटतं, पण नवी आहे म्हणून ही पायरी सोडू नका. दुकानात महिनोन् महिने न चार्ज करता पडून राहिलेली बॅटरीही ‘नवी’ म्हणूनच मिळते.

आता येते ती पायरी, जी बहुतेक ठिकाणी कुणी करतच नाही, आणि तुमच्या गाडीत सगळ्यात जास्त उपयोगी हीच पडेल. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. आधी मायनस बाजू घेऊ: काळं टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर, आणि लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर, शक्य तर सेल्फच्या बॉडीवरच. टोक चिमट्यावर नको, खुंटीवरच हवं, नाहीतर खुंटी आणि चिमटा यांच्यामधला गंज मोजलाच जात नाही. किल्ली न फिरवता मीटर शून्याच्या आसपास दाखवेल. आता सेल्फ मारायला सांगा. फिरत असताना ०.२ व्होल्टपर्यंत आकडा आला तर अर्थ चांगली. ०.५ आला तर दोष आहे. दीड-दोन व्होल्ट आले, तर चोर तिथेच सापडला.

तसंच प्लसच्या बाजूला: एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवर, दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर, आणि सेल्फ मारा. इथे ०.५ व्होल्टपर्यंत चालतं, त्याहून जास्त नको. मीटरच्या वायरी पंख्यात किंवा बेल्टमध्ये अडकणार नाहीत अशा ठेवा.

यातली खुबी अशी की एकदा बाजू कळली की दोष पायरीपायरीने घेरता येतो. समजा मायनस बाजूला १.४ व्होल्ट आले. काळं टोक खुंटीवरच ठेवून लाल टोक आता चिमट्यावर लावा आणि पुन्हा सेल्फ मारा. इथेच १.२ आले तर गंज खुंटी-चिमट्यामध्ये आहे. शून्य आलं तर पुढे सरका: केबलच्या दुसऱ्या टोकाचा लग (तिथे बसवलेली धातूची कडी), मग तो ज्या बोल्टने बॉडीला आवळलाय तो बोल्ट, मग बॉडी, मग इंजिन. ज्या दोन ठिकाणांमध्ये आकडा उडी मारतो, बिघाड त्या दोघांमध्ये. तुमचा त्रास अधूनमधून येणारा असल्यामुळे एक पथ्य पाळा: गाडी पहिल्या झटक्यात फिरली त्या वेळचा चांगला आकडा निकाल म्हणून धरू नका. मीटर लावून ठेवा आणि ‘खट्’ येईपर्यंत प्रयत्न करा. मात्र अगदी न फिरलेल्या सेल्फच्या वेळी दोन्ही बाजूंचे आकडे शून्य आले, तर त्याचा अर्थ जोड चांगले असा नसून करंटच वाहिला नाही असा आहे. मग सेल्फच्या जाड बोल्टपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत मोजा. बिघाडाच्या क्षणी तिथे पूर्ण बारा व्होल्ट पोचत असतील आणि ‘खट्’ होऊनही मोटर हलत नसेल, तर दोष सेल्फमध्येच.

अर्थच्या पट्टीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ती दिसत नाही आणि म्हणून विसरली जाते. बॅटरीची मायनस केबल बऱ्याच गाड्यांत बॉडीला जाते, आणि इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असल्याने बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं असतं. त्या दोघांना जोडते ती विणलेल्या तांब्याची पट्टी किंवा केबल. इंजिन हलतं तशी ती रोज वाकते, तिच्यावर तेल, पाणी, चिखल बसतो, आणि लगजवळ तारा एकेक करून तुटतात. वरून आवरण शाबूत, आत हिरवी भुकटी. गिअरबॉक्स किंवा क्लचचं काम झालं असेल तर ही पट्टी सैल आवळलेली किंवा लावायची राहिलेलीही सापडते. तिच्या दोषाची एक जुनी खूण: सेल्फ मारल्यावर अॅक्सिलरेटरची किंवा क्लचची तारेची केबल गरम लागते, कारण करंट दुसरी वाट मिळेना म्हणून त्या केबलमधून परत जातो.

मीटर नसेल तर यासाठी जम्पर केबल पुरते. काळी केबल बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनाच्या जाड, रंग नसलेल्या धातूला लावा आणि किल्ली फिरवा. एरवी ‘खट्’ करणारी गाडी त्या केबलने दर वेळी सुरू होऊ लागली, तर अर्थची पट्टी बदलायची. एवढंच काम.

टर्मिनल साफ करताना मायनस आधी काढा, आणि लावताना मायनस शेवटी लावा. कारण साधं आहे: प्लसवर पाना असताना तो बॉडीला टेकला आणि मायनस जोडलेली असली, तर शॉर्ट होतो. पांढरी-निळसर बुरशीसारखी भुकटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, मग खुंटी आणि चिमट्याची आतली बाजू दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या चिमट्याच्या आत काळपट थर असतो, आणि नवी बॅटरी लावताना तो तसाच राहतो. आवळल्यावर चिमटा हाताने पिरगाळून बघा. जराही फिरता कामा नये. ग्रीस लावायचं ते आवळून झाल्यावर, वरून. नव्या गाड्यांत मायनसवर छोटा सेन्सर बसवलेला असतो, त्याला हिसके देऊ नका.

दोन्ही बाजूंचे आकडे चांगले आले तर सेल्फच्या सोलेनॉइडची बारीक वायर बघा. किल्ली फिरवलेली असताना तिच्यावर त्या वेळच्या बॅटरीच्या आकड्याच्या जवळपास व्होल्टेज यायला हवं. येत नसेल तर दोष सेल्फच्या आधी, त्या वायरच्या मार्गात आहे. रिलेच्या बॉक्समध्ये सेल्फच्या रिलेसारखाच, त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, बहुधा हॉर्नचा. अदलाबदल करून बघायला पैसे लागत नाहीत. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ न देणाऱ्या गाडीत पेडलजवळचा स्विच तपासा. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’वर सुरू होत नसेल तर ‘एन’वर टाकून बघा. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत ब्रेकचा दिवा लागतोय का ते पाहा, कारण ब्रेकचा स्विच गेला की गाडीला तुम्ही ब्रेक दाबलाय हेच कळत नाही.

आणि वायरवर व्होल्टेज येतंय, जाड बोल्टवर येतंय, अर्थ चांगली, तरी ‘खट्’? मग मेकॅनिकचं म्हणणं बरोबर. तेव्हाही अख्खा सेल्फ बदलण्याआधी तो खोलायला सांगा. सोलेनॉइडमधले तांब्याचे संपर्क आणि कार्बन बऱ्याच सेल्फमध्ये वेगळे बदलता येतात. सेल्फच्या बॉडीवर पान्याने हलके ठोकल्यावर गाडी चालू झाली, तर कार्बन अडकतायत किंवा संपलेत हे जवळपास नक्की. मात्र हा उपाय म्हणून रोज वापरू नका. काही सेल्फमध्ये कायम चुंबक चिकटवलेले असतात, ते जोराच्या ठोक्याने तडकतात.

सेल्फ फिरतोय पण इंजिन पकडत नाही, असा प्रसंग पुढे कधी आला तर क्रम वेगळा. किल्ली ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाची घरघर ऐकू येते का बघा. काही गाड्यांत ती ऐकू येत नाही, पण तुमच्या गाडीत एरवी येत असेल आणि आज नसेल, तर पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले. डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (किल्ली ओळखली नाही तर इंजिन सुरू होऊ न देणारी चोरीविरोधी यंत्रणा). दुसऱ्या किल्लीने प्रयत्न करा. गरम असताना बंद पडते, अर्ध्या तासाने निमूट सुरू होते, अशी गाडी असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे संगणकाला कळवणारा) माझ्या यादीत सगळ्यात वर. स्कॅनर लावून सेल्फ मारताना इंजिनाचे फेरे दिसतात का ते पाहायचं: दोनशेच्या आसपास आकडा दिसायला हवा, शून्यच राहिला तर सेन्सर किंवा त्याची वायर. गाडी जरा हलवण्यापुरती सुरू करून लगेच बंद केली आणि मग सुरू होईना, पेट्रोलचा वास येतोय, तर प्लग भिजलेत. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या त्या स्थितीत पेट्रोल थांबवतात आणि प्लग वाळतात. डिझेलमध्ये मात्र गार इंजिनाला ग्लो प्लग (सिलिंडर आतून तापवणारे) आणि फिल्टर बदलल्यावर लाइनमध्ये शिरलेली हवा हे पहिले संशयित.

दोन प्रसंगांत सेल्फ मारणं ताबडतोब थांबवा. एक, सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भिरभिर फिरतोय, मधला ‘धक-धक’ जोरच गायब झालाय: टायमिंग बेल्ट तुटल्याची ही खूण आहे, आणि बऱ्याच इंजिनांत पुढे फिरवत राहिल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. दुसरा, गाडी साचलेल्या पाण्यात बंद पडली. पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय किल्लीला हात लावू नका.

एरवीही सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, आणि दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट जाऊ द्या. सेल्फ थोडा वेळ चालण्यासाठीच बनवलेला असतो. न थांबता मारत राहिलं तर वाइंडिंग जळतं आणि आधी नसलेला बिघाड आपण तयार करतो. अल्टरनेटर तपासायला चालू गाडीची बॅटरी काढायची जुनी पद्धत तर पूर्ण विसरा. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि इसीएमपासून (इंजिनाच्या संगणकापासून) सगळं धोक्यात येतं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले की बऱ्याच गाड्यांत चार्जिंग ठीक समजायला हरकत नाही. काही नव्या गाड्या मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतात, तिथे आकडा थोडा खाली दिसला तरी लगेच घाबरू नका.

तोवर रस्त्यात अडकलात आणि दुसऱ्या गाडीची मदत घ्यावी लागली, तर क्रम असा: लाल केबल आधी तुमच्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला, काळी त्यांच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक तुमच्या बॅटरीला नव्हे, बॅटरीपासून दूर इंजिनाच्या उघड्या धातूला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचा जोड लावताना ठिणगी उडते, म्हणून ती ठिणगी लांब हवी. तुमच्या बाबतीत या जोडणीचा आणखी एक फायदा आहे. काळी केबल थेट इंजिनाला लागल्यामुळे तुमची अर्थची पट्टी बाजूला पडते. अशी जोडल्यावर गाडी लगेच सुरू झाली, आणि तुमच्या बॅटरीचा आकडा मात्र १२.६ होता, तर मदत बहुधा दुसऱ्या बॅटरीने नव्हे, त्या केबलने केली.

मेकॅनिककडे जाताना ‘सेल्फ मारताना मायनस बाजूला किती व्होल्ट पडतात आणि प्लस बाजूला किती’ एवढं विचारा आणि बिघाड आलेला असताना मोजून दाखवायला सांगा. मायनसला ०.२ च्या आत, प्लसला ०.५ च्या आत, बारीक वायरवर व्होल्टेज हजर आणि तरी मोटर गप्प, असं तुमच्यासमोर दिसलं तर सेल्फ खुशाल उतरवू द्या. आकडे याहून मोठे आले, तर आधी अर्थची पट्टी आणि टर्मिनलचे चिमटे बदलून घ्या, आणि काही दिवस गाडी वापरून मग सेल्फचा निर्णय घ्या.